गायरानाची वही कुणाच्या हातात?

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. कुणी भाकरी थापत असेल, कुणी वाती वळत असेल, कुणी लेकराला झोपवत असेल. आज आपल्याला माळाबद्दल आणि जंगलाबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात करू आपल्या बचत गटापासून.

गटाच्या बैठकीत एखादी जण पाच हजारांचं कर्ज मागते, तेव्हा आपण काय करतो? कशासाठी हवं, कधी फेडणार, मागचा हप्ता भरला का, असं सगळं विचारतो. तासभर चर्चा होते. मग वहीत ठराव लिहिला जातो, वाचून दाखवला जातो आणि सगळ्याजणी सह्या करतात. जिला सही येत नाही ती अंगठा देते, पण ठराव ऐकूनच देते. पाच हजारांसाठी आपण एवढं करतो.

आता सांगा, गावाच्या गायरानाचा निर्णय कसा होतो? आमच्या गावात साठेक एकर गायरान आहे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी शेळ्या घेऊन गेलेल्या बाया धावत परत आल्या. माळावर मोठं यंत्र आलं होतं आणि मुरूम उकरून ट्रॅक्टरमध्ये भरला जात होता. विचारलं तर उत्तर मिळालं, ग्रामसभेचा ठराव आहे. आम्ही ठरावाची नक्कल मागितली. आठ दिवस हेलपाटे घातले, तेव्हा मिळाली. त्यात हजर महिलांच्या नावांमध्ये आमच्या गटातल्या तिघींची नावं होती. त्या तिघी त्या दिवशी सोयाबीनची रास करायला दुसऱ्याच्या शेतात गेल्या होत्या. सभा कधी झाली हे त्यांना माहीतही नव्हतं.

पाच हजारांचा निर्णय तासभर आणि साठ एकरांचा निर्णय आपण घरी नसताना. आजचं बोलणं याच गोष्टीवर आहे. रान, माळ, जंगल, नदीकाठ यांचं राखण कुणी करायचं? मुंबई-दिल्लीनं? ग्रामपंचायतीनं? का जी बाई रोज तिथं जाते तिनं? हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. जगातले कितीतरी देश याच प्रश्नाशी झगडत आहेत.

कुणी म्हणेल, लातूर जिल्ह्यात जंगल आहेच कुठं? खरं आहे. जिल्ह्याच्या क्षेत्राच्या एक टक्काही जंगल आपल्याकडं नाही. महाराष्ट्रात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर लागतो. पण म्हणूनच जे उरलंय ते मोलाचं आहे. गावोगावचं गायरान, माळरान, ओढ्याकाठची झाडं, देवाच्या नावानं राखलेली एखादी राई. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे, औषधी वनस्पतींसाठी लांबलांबचे लोक त्याला ओळखतात. आपल्या माळावर काळवीट आहेत, मोर आहेत, तित्तर आहेत, साळिंदर आहेत.

आणि आपलं स्वतःचं पोट त्याच्याशी जोडलेलं आहे. चुलीला जळतन तिथून येतं. शेळीला चारा तिथून येतो. पहिला पाऊस पडला की तरोटा, कुरडू, पाथरी, घोळ अशा भाज्या तिथूनच खुडून आणतो. दिवाळीच्या आधी सीताफळं येतात, संक्रांतीला बोरं येतात. ज्या घरात स्वतःचं एक गुंठाही रान नाही, त्या घराचं रान म्हणजे गायरान. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण कुणीच विसरलो नाही. माळावरचं गवत गेलं की पावसाचं पाणी मुरत नाही, मातीसकट ओढ्यात वाहून जातं. म्हणून उघडा माळ हा फक्त शेळ्यांचा प्रश्न नाही, तो हंड्याचाही प्रश्न आहे.

आता जरा लांब जाऊन बघू. जगात जंगल राखण्याची सरकारी पद्धत कशी सुरू झाली? अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन नावाचं राष्ट्रीय उद्यान झालं. रेषा आखायची, आतला निसर्ग सरकारचा, पिढ्यानपिढ्या तिथं वावरणारी माणसं बाहेर. पुढं बऱ्याच देशांनी हाच कित्ता गिरवला. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्यानं वाघ वाचवायला मदत झाली, शिकारीला आळा बसला, हे मानायलाच हवं. अभयारण्यं नकोत असं आम्ही म्हणत नाही. पण कुठल्या जागेचं अभयारण्य करायचं, आत काय चालेल, काय चालणार नाही, हे लांबच्या कचेरीत ठरायचं. ज्या बाईची मोळी बंद होणार, ज्या धनगराची वाट बंद होणार, त्यांना ते शेवटी कळायचं.

आता हा प्रश्न आणखी मोठा झाला आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात जगभरच्या देशांनी मिळून ठरवलं, की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र राखायचा. हेतू चांगला आहे. पण ही ३० टक्के जमीन मोकळी थोडीच पडली आहे? तिथं माणसं राहतात, गुरं चारतात, मध काढतात, मासे धरतात. त्यांना बाहेर काढून राखायची का त्यांच्या हातात देऊन? त्या करारातही लिहिलं आहे, की मूळ रहिवाशांचे आणि स्थानिक लोकांचे हक्क जपूनच हे काम करायचं. लिहिलंय खरं. पण लिहिलेलं पाळलं जातं का हे गावात कळतं.

लोकांच्या हातात दिलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळं त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरं. भोवती दाट जंगल, त्यात बांबू. पण पूर्वी जंगल सरकारचं आणि बांबू तोडायचा ठेका कागद कारखान्याला. गावानं बघत राहायचं.

या गावात देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साथीनं, बरीच वर्षं एक काम चिकाटीनं केलं. ते काम म्हणजे बसून बोलणं. गावाचा अभ्यासगट होता. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, हे समजून घ्यायचं आणि मग ग्रामसभेत ठरवायचं. ठरवायचं तेही हात वर करून, बहुमतानं नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत चर्चा करायची. एकाचंही पटलं नाही तर निर्णय पुढं ढकलायचा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा पुढं महाराष्ट्रभर गेली.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा गावाचा सामूहिक हक्क या कायद्यानं मान्य केला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण कागद मिळाला म्हणजे काम झालं, असं नसतं ना? बांबू विकायला न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार वनखात्याकडंच होता. गाव अडून बसलं. शेवटी २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. एक साधं पुस्तक. पण ते कुणाच्या हातात आहे, यावर बांबूचा मालक कोण हे ठरत होतं. म्हणून आम्ही म्हणतो, वही कुणाच्या हातात आहे ते बघा.

आता नेपाळकडं जाऊ. नेपाळमध्ये १९५७ मध्ये सरकारनं जंगलं आपल्या ताब्यात घेतली. लोकांना वाटलं, आता हे आपलं नाही. मग राखायचं कुणी आणि कशाला? डोंगर बोडके होत गेले. पुढं सरकारनंच वाट बदलली. १९९३ च्या कायद्यानं जंगल सांभाळायला गावातल्या वापरणाऱ्यांचे गट केले. आपल्या बचत गटासारखेच, पण जंगलाचे. असे २२ हजारांहून जास्त गट तिथं आहेत. गवत कधी कापायचं, सरपण किती न्यायचं, दंड किती, पैसा कुठं खर्चायचा, हे गट ठरवतो. १९९२ मध्ये नेपाळच्या सुमारे २६ टक्के जमिनीवर झाडांचं आच्छादन होतं, ते २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. यात कामासाठी गाव सोडून गेलेल्या माणसांमुळं पडीक राहिलेली शेतंही आहेत, पण गटांचा वाटा मोठा मानला जातो.

नेपाळची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सुरुवातीला त्या समित्यांवर गावातली मोठ्या घरांची पुरुष माणसंच बसायची. त्यांनी जंगल बंद करायचा नियम केला की झाडं वाढायची, पण गरीब बायांना मोळीसाठी दुप्पट लांब जावं लागायचं. मग नियम बदलले. समितीत निम्म्या बाया हव्यात, आणि अध्यक्ष किंवा सचिव यांपैकी एक बाई हवी, असं ठरलं. बीना अग्रवाल या आपल्या देशातल्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी गुजरात आणि नेपाळमधल्या अशा समित्यांचा अभ्यास केला. जिथं समितीवर बाया पुरेशा संख्येनं होत्या, तिथं जंगलाची तब्येतही जास्त सुधारलेली दिसली. एखादी बाई नावाला बसवून ते होत नाही. तिच्या जोडीला आणखी बाया असल्या की ती बोलते. आपल्याला हे अनुभवानं ठाऊक आहेच. चावडीवर एकटी गेलो की तोंडातून शब्द फुटत नाही, दहाजणी गेलो की फुटतो.

तिसरा देश नामिबिया. आफ्रिकेतला कोरडा, दुष्काळी देश. नाव ऐकल्यासारखं वाटतंय? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये आठ चित्ते सोडले, ते नामिबियातूनच आले होते. त्या देशात पूर्वी गोऱ्या जमीनदारांना आपल्या जमिनीवरच्या रानजनावरांवर हक्क होता, पण काळ्या लोकांच्या सामाईक जमिनीवर तसा हक्क नव्हता. त्यांच्या वाट्याला नुकसान तेवढं होतं. हत्तीनं पीक खाल्लं, सिंहानं गाय मारली. मग त्यांनी जनावर का वाचवावं? देश स्वतंत्र झाल्यावर १९९६ मध्ये कायदा बदलला. गावांनी आपली सीमा स्वतः ठरवायची, सभासदांची यादी करायची, समिती निवडायची, नफा कसा वाटायचा याची योजना लिहायची, मग सरकार त्या भागातल्या रानजनावरांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हक्क गावाला देतं. १९९८ मध्ये पहिल्या चार संस्था झाल्या, आता ८० पेक्षा जास्त आहेत. राखणदार गावातलेच.

पण तिथंही सगळं गोड नाही. या संस्थांचा बराच पैसा पर्यटकांकडून येतो. २०२० मध्ये कोरोना आला, विमानं थांबली आणि उत्पन्न आटलं. सगळी अंडी देणारी एकच कोंबडी ठेवू नये, हे आपण गटात सांगतो ना, तेच तिथंही लागू झालं.

तीन ठिकाणं, तीन भाषा. पण आतला धागा एकच आहे. तो धागा नीट उलगडून दाखवणारी एक बाई होती, एलिनॉर ऑस्ट्रॉम. अमेरिकेतल्या प्राध्यापिका. सामाईक कुरण, सामाईक पाणी, सामाईक जंगल लोक स्वतः कसं सांभाळतात, याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. मेंढ्याला हक्क मिळाला तेच वर्ष. त्याआधी मोठमोठे विद्वान सांगायचे, सामाईक गोष्ट कुणाचीच नसते, म्हणून लोक ती ओरबाडून संपवतात. ती एक तर सरकारला द्या, नाही तर खासगी मालकाला. ऑस्ट्रॉमबाईंनी दाखवलं, की तसं होतंच असं नाही. लोक सांभाळतात, पण काही गोष्टी असल्या तर. हद्द ठरलेली हवी. वापरणारे कोण ते माहीत हवं. नियम वापरणाऱ्यांनीच केलेला हवा. लक्ष ठेवणारा त्यांच्यातलाच हवा. दंड पहिल्यांदा छोटा, पुन्हा चुकलं तर मोठा. भांडण झालं तर ते जवळच आणि स्वस्तात मिटायला हवं. आणि वरच्या सरकारनं त्यांचा हा हक्क मानायला हवा.

ऐकताना काय आठवलं? आपलाच गट ना? सभासद ठरलेले, नियम आपले, हिशोब उघडा, उशिरा हप्त्याला छोटा दंड. आपण पैशाचं जे करतो तेच माळाचं करायचं आहे.

आता परत आमच्या गायरानावर येऊ. मुरुमाचा ठराव हातात आल्यावर आम्ही पुढच्या ग्रामसभेला चाळीसजणी गेलो. ठराव वाचून दाखवा म्हणालो. नावं वाचली गेली तेव्हा त्या तिघी एकेक करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्ही नव्हतो. सभेत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ठराव पुन्हा मांडला गेला आणि उकरणं थांबवायचं ठरलं. तालुक्याच्या कचेरीत अर्जही दिला. काम थांबलं, पण तोवर उताराचा एक मोठा तुकडा गेला होता. तो खड्डा अजून आहे.

त्याच सभेत गायरानासाठी अकरा जणांची समिती झाली, त्यात सहा बाया. आम्हाला वाटलं, जिंकलो. उत्साहात नियम केला. पूर्ण गायरानावर दोन वर्षं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, मोडेल त्याला पाचशे रुपये दंड.

चूक इथंच झाली.

दोन महिन्यांत पहिला दंड बसला तो गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशीला. नवरा नाही, जमीन नाही, चार शेळ्या. ती पहाटेच्या अंधारात शेळ्या घेऊन माळावर जायची. राखणदारानं पकडलं. तिनं एक करडू विकून दंड भरला. आणि मग ती आमच्या गटाच्या बैठकीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, “नियम तुमचा चांगलाय पोरींनो. पर करायच्या टायमाला मला कोण इचारलं?”

आमच्याकडं उत्तर नव्हतं. ज्या सभेत नियम झाला, ती सकाळी अकराला होती. मावशी त्या वेळी रोजानं खुरपायला गेली होती. म्हणजे मुरुमाच्या ठरावात आमच्या तिघींचं जे झालं, तेच आम्ही मावशीचं केलं. फरक एवढाच की तिचं खोटं नाव लिहिलं नाही. ज्यांच्या घरी दावणीला गाई-म्हशी, बांधावर वैरण, त्यांनी माळ बंद केला. त्यांचं काय बिघडणार होतं? बिघडलं ते जिच्याकडं माळाशिवाय काहीच नव्हतं तिचं.

त्या दिवशी आम्हाला नेपाळच्या त्या समित्या कळल्या. आधी नुसत्या ऐकल्या होत्या. सत्ता दिल्लीहून मुंबईला आली, मुंबईहून लातूरला, लातूरहून ग्रामपंचायतीत, तरी ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचली असं होत नाही. चावडीवर येऊनही ती अडकते. समितीत बाया बसल्या तरी अडकते, जर त्या बाया आपल्यासारख्याच घरांतल्या असतील.

मग आम्ही काय केलं? समितीची बैठक रात्री आठनंतर ठेवली आणि दर वेळी वेगळ्या वस्तीत. मावशीच्या दंडाचे पैसे परत केले, पण ठराव करून केले, कारण वहीत आलेला पैसा वहीतूनच जायला हवा. गायरानाचे तीन भाग केले. एका वेळी एकच भाग बंद. त्या बंद भागातलंही गवत कापून न्यायला मोकळीक, आणि कापायची पहिली पाळी ज्यांच्याकडं जमीन नाही त्यांची. कुऱ्हाडबंदी तशीच ठेवली, पण वाळलेलं जळतन उचलायला बंदी नाही. समितीत दोन जागा शेळ्या राखणाऱ्या बायांच्या. मावशी आता त्यातली एक आहे, आणि राखण करण्यात ती सगळ्यांत कडक आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या गायरानाच्या एका कोपऱ्यात तीन भूमिहीन कुटुंबं कित्येक वर्षांपासून जमीन कसतात. मराठवाड्यात असं गावोगावी आहे, आणि त्यातली बहुतेक घरं दलित आणि भटक्या समाजाची आहेत. समिती झाल्यावर काहीजण म्हणाले, आता निसर्ग राखायचाय तर यांना आधी उठवा. आम्ही म्हणालो, मुरूम नेला तेव्हा तुम्हाला निसर्ग आठवला नाही, आणि आता गरिबाची भाकरी दिसल्यावर आठवला? त्या कुटुंबांच्या हक्काचं काय ते कायद्यानं ठरेल. आमची समिती त्यांना उठवायचं हत्यार होणार नाही, असा ठराव वहीत आहे.

माळ हिरवागार झाला असं खोटं सांगणार नाही. एका भागात भादव्यात गवत गुडघ्याला लागलं. बोरी-बाभळीची रोपं वर आली आहेत. अजून कुणीतरी रात्री बाभूळ तोडतं. पण आता कुणी तोडली याची विचारणा होते, आणि विचारणा करणारी माणसं गावातलीच आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो.

पहिलं, ग्रामसभेची तारीख आपण लक्षात ठेवायची. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सुमारास सभा असते. त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते, तीही मागा. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी तेवढे लोक लागतात. पण ध्यानात ठेवा, लोक कमी म्हणून सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला ती अट राहत नाही. कितीतरी निर्णय अशा तहकूब सभेत होऊन जातात. म्हणून तहकूब सभा चुकवू नका. आणि कोऱ्या पानावर, न वाचलेल्या ठरावावर सही करू नका.

दुसरं, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. त्यात एक तृतीयांश बाया हव्यात. हा कायदा जंगल असलेल्या गावांपुरता नाही, आपल्या उघड्या माळांच्या गावांनाही आहे. गावात कुठली झाडं, कुठल्या रानभाज्या, कुठलं बियाणं, कुठले पक्षी, हे सगळं लोक जैवविविधता नोंदवहीत लिहायचं असतं. तुमच्या गावाची समिती कागदावर असेलच. तिच्यावर कोण आहे ते विचारा. नोंदवही मागा आणि वाचा. तरोट्याची भाजी कुठं उगवते, कुठल्या पाल्यानं जनावराचं पोट फुगायचं थांबतं, हे लिहायला शहरातला माणूस कशाला? ते तुमच्या सासूबाईंना विचारा. याच कायद्यानं एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळही होऊ शकते. सिंधुदुर्गात आंबोलीला देवळाच्या कुंडात माशाची एक नवीन जात सापडली, आणि २०२१ मध्ये ती छोटीशी जागा वारसा स्थळ झाली. जागा लहान आहे म्हणून सोडून द्यायची नसते.

तिसरं, नांदेडकडच्या मैत्रिणींसाठी. किनवट, माहूरच्या बाजूला जंगल आहे, पैनगंगा अभयारण्य आहे, आणि गोंड, कोलाम, आंध या आदिवासी बांधवांची गावं आहेत. तिथं वनहक्क कायदा लागू होतो. या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. त्या नसतील तर सभाच पुरी होत नाही. म्हणजे तुमच्याशिवाय निर्णय होऊच शकत नाही. मोहाचा, तेंदूचा, बांबूचा निर्णय करायला तुम्ही हव्यात. आपल्या गावाचा सामूहिक दावा झाला आहे का, एवढं तरी या आठवड्यात विचारून घ्या.

आणि चौथं, जे आम्ही मावशीकडून शिकलो. नियम करण्याआधी एक यादी करा. या नियमानं सगळ्यात जास्त कुणाचं अडेल? तिचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा. ती येईपर्यंत सभा सुरू करू नका. ती येऊ शकत नसेल, तर सभा तिच्या दारात न्या.

आमच्या गायरानाची एक वही आहे. दोनशे पानी, साधी, बाजारातून आणलेली. पहिल्या पानावर माळाची हद्द लिहिली आहे, उगवतीला ओढा, मावळतीला गाडीवाट. पुढच्या पानांवर ठराव, पाळ्या, दंड. ती दर महिन्याला एका घरातून दुसऱ्या घरात जाते, म्हणजे कुणा एकाच्या कपाटात बंद राहत नाही. या महिन्यात ती मावशीच्या घरी आहे. तिला वाचता येत नाही. तिची नात सातवीत आहे, ती वाचून दाखवते.

तुमच्या गावच्या गायरानाची वही कुणाच्या घरी आहे, ते उद्या जरूर विचारा.